संगणकाच्या पेटींत काय काय हवें?

घरोघरीं टेबलाखालीं जी उभी पेटी दिसते तिला बहुतेक लोक ‘सीपीयू’ म्हणतात. दुकानदार म्हणतात, दुरुस्तीस येणारे कारागीर म्हणतात, आणि शाळेंतलीं मुलेंहि तसेंच म्हणतात. वास्तविक तें त्या पेटीचें नांव नव्हे. पेटीच्या आंत, पंख्याखालीं दडलेला, आगपेटीहून लहान असा जो एक चौकोनी तुकडा असतो त्याचें तें नांव. नांवांतली ही चूक निरुपद्रवी वाटते. पण दुकानांत ती महाग पडते. ज्यास पेटी ही एकच वस्तु वाटते तो पेटी विकत घेतो. तींत सहा-सात निरनिराळ्या वस्तु आहेत हें ज्यास ठाऊक असतें, तो त्यांतील प्रत्येकीची चौकशी करतो. मुंबईस लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, हे सारे भाग सुटे मिळतात. तेथें किंवा दुसऱ्या कोणत्याहि पेठेंत हातीं पडणारी यादी दोन प्रकारांनीं चुकीची असूं शकते. नको तें तींत असतें, किंवा हवें तें नसतें. पहिल्या चुकीनें पैसे जातात. दुसरीनें यंत्र सुरूच होत नाहीं.

मुळांत हे भाग असे सुटे मिळावेत हीच नवलाची गोष्ट आहे. मोटारीचें इंजिन एका कारखान्याचें, चाकें दुसऱ्याचीं आणि सांगाडा तिसऱ्याचा आणून घरीं मोटार जोडण्याचें धाडस कोणी करीत नाहीं. संगणकाच्या बाबतींत तें शक्य झालें याचें कारण एका कंपनीची घाई हें होय. १९८१ सालच्या ऑगस्टच्या १२ तारखेस अमेरिकेंतील आयबीएम कंपनीनें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. फ्लॉरिडांतील बोका रेटन येथें एका लहानशा तुकडीनें तो सुमारें वर्षभरांत तयार केला होता. इतक्या थोड्या अवधींत सगळे भाग स्वतः घडविणें शक्य नव्हतें. म्हणून बाजारांत तयार मिळणारे भाग घेतले गेले. प्रोसेसर इंटेलचा आणि कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची आली. शिवाय, इतरांनीं या यंत्रास जोडावयाचीं कार्डें बनवावींत या हेतूनें कंपनीनें त्याच्या मंडलांचे आराखडे छापून प्रसिद्ध केले. इतरांनीं कार्डें बनविलींच, पण सबंध यंत्रहि बनविलें. १९८३ सालीं कॉम्पॅक कंपनीचें तसें यंत्र बाजारांत आलें, आणि मग त्यांचा पूर लोटला. १९८७ सालीं आयबीएमनें स्वतःच्या मालकीची नवी जोडणी काढून लगाम पुन्हां हातीं घेण्याचा यत्न केला. परंतु तोंवर घोडें पार पुढें गेलें होतें. १९९५ सालीं इंटेलनें ‘एटीएक्स’ या नांवानें मोजमापें ठरवून दिलीं. बोर्ड केवढा असावा, स्क्रूचीं भोकें कोठें असावींत, विजेचा जोड कसा असावा, हें सर्व त्यांत ठरलें. आजच्या दुकानांतील पेट्या व बोर्ड बहुतांशीं त्याच घराण्यांतले आहेत.

आतां आवश्यक कशास म्हणावें? १९४५ सालीं जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानें ‘एडव्हॅक’ या नियोजित यंत्रावर एक टिपण लिहिलें. त्यांत त्यानें यंत्राचे अवयव सांगितले ते असे : गणित करणारा, नियंत्रण करणारा, लक्षांत ठेवणारा, माहिती आंत घेणारा आणि बाहेर देणारा. पहिले दोन आज प्रोसेसरांत एकत्र नांदतात. बाकीचेहि ओळखूं येतात. या अवयवांत न मोजलेल्या दोन गोष्टी मात्र घरच्या यंत्रास तितक्याच लागतात : शुद्ध वीज आणि उष्णतेस बाहेर जाण्याची वाट. गणित कागदावर गरम होत नाहीं, यंत्रांत होतें. हौशी खरेदी बहुधा या दोन ठिकाणींच फसते.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड यांची निवड वेगवेगळी करतां येत नाहीं. तेथें पत्रिका जुळावी लागते. मदरबोर्डावर प्रोसेसरची जी बैठक असते तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या बाराव्यापासून चौदाव्या पिढीपर्यंतच्या प्रोसेसरांस १,७०० संपर्कबिंदूंची बैठक लागते, म्हणून तिचें नांव एलजीए १७००. एएमडी या दुसऱ्या कंपनीची २०१६ सालची एएम ४ ही बैठक निराळी, आणि २०२२ सालची एएम ५ त्याहून निराळी. एकाच कंपनीचे दोन प्रोसेसरहि एकाच बोर्डावर बसतीलच असें नाहीं. कधीं बैठक जुळते, पण बोर्ड तयार होऊन बरेच दिवस झालेले असतात आणि त्याच्या आंतील मूळ आज्ञावलीस, म्हणजे बायॉसला, नव्या प्रोसेसरची ओळखच नसते. हीं दोन्हीं एकाच दुकानांतून, दोहोंचीं पूर्ण नांवें पावतीवर लिहून घ्यावींत हें उत्तम.

याच ठिकाणीं एक अक्षराचा सापळा आहे. पडद्यावर चित्र उमटविण्याचें काम करणारा भाग पुष्कळ प्रोसेसरांच्या पोटांतच असतो, पण सर्वांच्या नव्हे. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटीं ‘एफ’ असेल, तर त्यांत तो नाहीं असें समजावें. कोअर आय ३-१२१०० घेतला तर वेगळें ग्राफिक्स कार्ड लागत नाहीं; आय ३-१२१००एफ घेतला तर लागतें. एएमडीच्या एएम ४ बैठकीच्या प्रोसेसरांत खूण नेमकी उलट असते : रायझन ५-५६०० मध्यें तो भाग नाहीं, ५६००जी मध्यें आहे. ‘एफ’चा प्रोसेसर कांहींसा स्वस्त पडतो, आणि ज्यास खेळांसाठीं मोठें कार्ड घ्यावयाचेंच आहे त्यास तो योग्यहि आहे. परंतु पत्रव्यवहार, हिशेब, अभ्यास आणि चित्रपट एवढ्यासाठीं यंत्र हवें असलेल्या कुटुंबानें तो घेतला, तर सर्व भाग नवे व निर्दोष असूनहि पडदा काळाच राहतो. वाचविलेले पैसे मग कितीतरी पटींनीं कार्डाच्या रूपानें मोजावे लागतात.

साध्या कामाचा प्रोसेसर सामान्यतः ६५ वॉटांच्या घरांत असतो. जुन्या विजेच्या दिव्यास हात लावून ज्यांनीं तो चटकन मागें घेतला असेल त्यांस ६० वॉट म्हणजे काय हें सांगावयास नको. जवळजवळ तेवढी उष्णता येथें टपालाच्या तिकिटाएवढ्या जागेंतून निघते. ती ओढून घेण्यासाठीं वर धातूचें पन्हळी ठोकळें व पंखा बसवितात. पुष्कळ प्रोसेसरांच्या खोक्यांत पंखा असतो, कांहींत नसतो. तें आधींच विचारावें. धातूचे दोन पृष्ठभाग कितीहि गुळगुळीत दिसले तरी त्यांमध्यें हवेच्या बारीक फटी राहतात, आणि हवा ही उष्णतेची वाईट वाहक. त्या फटी बुजविण्यासाठीं मध्यें एक लेप लावतात. वाटाण्याएवढा लेप पुरतो. लोण्यासारखा थापण्यांत अर्थ नाहीं. जास्त लेप म्हणजे जास्त अडथळा. पंखाच नसला तर आजचा प्रोसेसर बहुधा जळत नाहीं; तो आधीं मंदावतो आणि मग स्वतःच यंत्र बंद करतो.

स्मृति म्हणजे रॅम. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या यंत्राची स्मृति चाळीस चाळीस द्विमान अंकांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या मापानें ती दहा किलोबाइट भरते. त्या दहा किलोबाइटांवर शास्त्रज्ञांनीं गंभीर गणितें सोडविलीं. आज आठ जीबीची, म्हणजे तिच्या सुमारें आठ लाखपट मोठी, बोटभर रुंदीची पट्टी बाजारांत लहान समजली जाते. लेखन व अभ्यास यांसाठीं आठ जीबीवर निभतें. पण इंटरनेटचीं वीस-वीस पानें एकदम उघडीं ठेवण्याची संवय असलेल्या घरांत सोळा जीबी घेणें बरें. चित्राचा भाग प्रोसेसरच्या पोटांत असेल, तर तोहि याच स्मृतींतून आपला वाटा घेतो. अशा यंत्रांत सोळाची एक पट्टी घेण्यापेक्षां आठ-आठच्या दोन घेतल्यास काम अधिक वेगानें होतें. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन पिढ्यांच्या पट्ट्या दिसावयास सारख्या, दोन्हींच्या पायांची संख्या २८८. परंतु खांच वेगळ्या जागीं असते आणि एक दुसरीच्या घरांत बसत नाहीं. एलजीए १७०० बैठकीचे बोर्ड तर दोन्हीं प्रकारचे निघाले आहेत. तेव्हां प्रोसेसरच्या नांवावरून स्मृतीचा अंदाज बांधूं नये, बोर्डाचें नांव वाचावें.

रॅमची स्मृति वीज जातांच पुसली जाते. म्हणून जें टिकवावयाचें तें दुसरीकडे ठेवावें लागतें. पूर्वीं त्यासाठीं फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असे. आज कार्यप्रणालीसाठीं तरी एसएसडीच घ्यावी, याविषयीं वाद राहिलेला नाहीं. जुना संगणक ‘मंद झाला’ अशी जी तक्रार घरोघर ऐकूं येते, तिचें मूळ पुष्कळदां प्रोसेसरांत नसून त्या फिरत्या तबकडींत असतें. मात्र येथेंहि जुळ्या भावंडांचा घोटाळा आहे. बावीस मिलिमीटर रुंद आणि ऐंशी मिलिमीटर लांब अशी जी सपाट पट्टी थेट बोर्डावर बसते, तिचे दोन प्रकार असतात. सॅटा प्रकारची पट्टी सेकंदास सुमारें साडेपांचशें मेगाबाइट वाचते, तर एनव्हीएमई प्रकारची तिच्या कित्येक पट. बोर्डावरील घर कोणता प्रकार स्वीकारतें हें पाहूनच पट्टी घ्यावी. साठवण किती घ्यावी? पांचशें जीबीच्या आसपास साध्या घरास चालतें. छायाचित्रांचा साठा मोठा असेल तर त्याच्यासाठीं एक स्वस्त हार्ड डिस्क निराळी जोडावी. तेथें तिची मंदगति आड येत नाहीं.

आतां ज्या भागाकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, तो. भिंतींतून येणारी वीज २३० व्होल्टांची आणि उलटसुलट वाहणारी. प्रोसेसर, स्मृति व इतर भाग यांस हवी ती १२, ५ व ३.३ व्होल्टांची, एका दिशेची आणि स्थिर. हा बदल करणाऱ्या पत्र्याच्या डब्यास येथें सर्वत्र एसएमपीएस म्हणतात. यादींतील भाव जमेनासा झाला कीं पहिली कात्री याच डब्यास लागते, कारण त्याच्या चांगलेपणानें संगणक जलद होत नाहीं आणि तो शेजाऱ्यांस दाखवितां येत नाहीं. पण बाकीचा प्रत्येक भाग त्याच्यावर पोसलेला असतो. चांगल्या डब्यांत दाब वाढला किंवा कोठें तारा एकमेकींस चिकटल्या, तर पुरवठा तोडणारीं मंडलें असतात; अगदीं स्वस्त डब्यांत पैसा वांचविण्यासाठीं प्रथम तींच गाळलीं जातात. असा डबा मरतांना एकटा मरत नाहीं, बोर्ड आणि साठवण यांनाहि बरोबर नेऊं शकतो. साठवणीबरोबर घरचीं छायाचित्रें व कागदपत्रें जातात, त्यांची भरपाई दुकानदार करीत नाहीं.

डब्यावर छापलेल्या मोठ्या आकड्यानें भुलूं नये. त्याच्या अंगावर एक कोष्टक चिकटविलेलें असतें, त्यांत १२ व्होल्टांच्या रकान्यांत किती अँपिअर लिहिले आहेत तें पाहावें. कारण आजच्या यंत्रांतील बहुतेक वीज त्याच रकान्यांतून जाते. ३६ अँपिअर असतील तर बारा गुणिले छत्तीस, म्हणजे ४३२ वॉट. अशा डब्यास ‘४५०’ म्हणणें प्रामाणिक आहे. १६ अँपिअरच असतील तर १९२ वॉट, मग वर कांहींहि छापलेलें असो. वेगळें ग्राफिक्स कार्ड नसलेल्या घरगुती यंत्रास प्रामाणिक ४५० वॉट भरपूर होतात. ‘८० प्लस’ हें २००४ पासून चालत आलेलें चिन्ह असल्यास भिंतींतून घेतलेल्या विजेपैकीं निदान ऐंशी टक्के कामास लागते असें ठरलेल्या परीक्षेंत दिसून आलेलें असतें. तें चिन्ह काटकसरीचें आहे, सुरक्षिततेचें नव्हे. तरी ज्या डब्यावर तेंहि नाहीं त्याविषयीं शंका घेण्यास जागा आहे. कंपनी किती वर्षांची हमी देते हेंहि विचारावें. चांगल्या डब्यांवर पांच ते दहा वर्षांची असते, आणि तोच डबा पुढल्या यंत्रासहि उपयोगी पडतो.

याच्याशीं निगडित आणखी एक गोष्ट आहे, ती दुकानांत विकत मिळत नाहीं. पुष्कळ घरांत संगणकाच्या पत्र्यास हात लागला कीं बोटांस मुंग्या येतात. लोक म्हणतात, यंत्र ‘शॉक मारतें’, आणि यंत्र परत करावयास निघतात. दोष बहुधा भिंतींत असतो. एसएमपीएसमध्यें विजेंतील गोंगाट गाळण्यासाठीं जीं लहान संधारकें असतात, तीं पत्र्याच्या पेटीस जोडलेलीं असतात, आणि त्यांतून पाझरणारी किंचितशी वीज भूमींत जावी अशी योजना असते. तिसऱ्या जाड पिनेस भूमीच मिळाली नाहीं, म्हणजे अर्थिंग नसलें किंवा मध्यें दोन पिनांचा जोड घातला, तर ती वीज पेटीवरच बसून राहते. उपाय संगणकाचा नव्हे, तारकऱ्याचा आहे. आणि तो संगणक येण्यापूर्वींच करून घ्यावा.

कॅबिनेट म्हणजे बाहेरची पेटी. सर्व भाग पुठ्ठ्यावर मांडून जोडले तरी यंत्र चालतें, आणि अनुभवी कारागीर भाग तपासतांना तसेंच करतात. पण धूळ, पाली आणि मुलें यांपासून रक्षण व्हावें, आणि हवेस ठरलेली वाट असावी, म्हणून पेटी हवी. समोरून हवा आंत यावी व मागून बाहेर जावी एवढें तींत असलें कीं झालें. कांचेची भिंत आणि रंगीत दिवे यांनीं हवा खेळत नाहीं. समोरची बाजू कांचेनें बंद केलेली पेटी तर उन्हाळ्यांत यंत्रास गुदमरवितेच. बोर्डाच्या आकाराप्रमाणें पेटी घ्यावी. मायक्रो-एटीएक्स बोर्ड २४४ मिलिमीटर चौरस असतो आणि साध्या घरास तो पुरतो. पेटीबरोबर ‘फुकट’ मिळणारा एसएमपीएस मात्र काढून ठेवावा.

पडदा, कीबोर्ड आणि माउस हे तर उघडच हवेत. ध्वनीचें व जाळ्याच्या तारेचें कार्ड पूर्वीं वेगळें घ्यावें लागे, तें आतां बोर्डावरच असतें. वायफाय मात्र पुष्कळ स्वस्त बोर्डांवर नसतें, आणि मोबाइलची संवय झालेल्या घरांत हें यंत्र सुरू झाल्यावरच लक्षांत येतें. बोर्ड घेतांनाच तें पाहावें, किंवा यूएसबीची लहानशी वायफाय काडी घ्यावी. डीव्हीडीचा खण आतां कोणास लागत नाहीं.

जोडण्याचें काम भीति वाटते तितकें कठीण नाहीं, कारण बहुतेक जोड एकाच बाजूनें बसतात. भाग हातीं घेण्यापूर्वीं अंगावरील स्थिर वीज जावी म्हणून भूमीस जोडलेल्या धातूस स्पर्श करावा. मुंबईच्या पावसाळी हवेंत ही वीज फारशी सांचत नाहीं. विदर्भांतील कोरड्या हिंवाळ्यांत लोकरीचा स्वेटर घालून हें काम करूं नये. प्रोसेसर, स्मृति व साठवण बोर्डावर टेबलावरच बसवावींत आणि मग बोर्ड पेटींत न्यावा. पेटीच्या पत्र्यावरील पितळी खुंट्या बोर्डाच्या भोकांखालीं आल्या आहेत ना, तें पाहावें. भलत्या जागीं राहिलेली एक खुंटी बोर्डाच्या पाठीस टेकली तर यंत्र चालू होत नाहीं, प्रसंगीं बोर्ड कामांतून जातो.

पंखे फिरतात, पण पडदा काळा, अशी स्थिति आल्यास घाबरण्यापूर्वीं तीन ठिकाणें पाहावींत. स्मृतीची पट्टी कट्‌ असा आवाज होईपर्यंत दाबली गेली आहे काय? प्रोसेसरला वीज देणारा आठ पायांचा जोड, जो चोवीस पायांच्या मोठ्या जोडाहून निराळा असतो आणि कोपऱ्यांत असल्यानें हटकून विसरतो, तो बसविला आहे काय? आणि वेगळें कार्ड असल्यास पडद्याची तार त्या कार्डास जोडली आहे कीं चुकून बोर्डास? पहिल्या दिवशींच्या बऱ्याच तक्रारी येथेंच मिटतात.

मग पडद्यावर अक्षरें येतात. प्रोसेसरचें नांव, स्मृतीचें माप, साठवणीचें नांव असें सर्व बोर्ड स्वतः मोजून सांगतो; पावतीशीं तें ताडून पाहावें. तारीख चुकीची दिसली तर ती लावावी. बोर्डावरील नाण्याएवढा तीन व्होल्टांचा सेल ती पुढें कांहीं वर्षें सांभाळतो. उरते ती कार्यप्रणाली. विंडोज विकत घ्यावी लागते, आणि २०२१ सालीं आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. जुना बोर्ड स्वस्तांत घेणारानें हें आधीं पाहावें. १९९१ सालीं लिनस टोरवाल्ड्‌सनें आरंभिलेल्या लिनक्सच्या आवृत्त्या विनामूल्य मिळतात, मराठी लेखनासह घरचीं बहुतेक कामें त्यांवर होतात, आणि त्या जुन्या भागांवरहि कुरकुर करीत नाहींत. दुसऱ्या एखाद्या संगणकावर ती यूएसबी काडीवर उतरवून घ्यावी, काडी नव्या पेटीस लावावी आणि बटण दाबावें. अर्ध्या-पाऊण तासांत यंत्र घरच्यांच्या स्वाधीन होतें.